दुसऱ्या देशातल्या लोकशाहीसाठी पैसा: कुठून निघतो, कुठे पोहोचतो

१. ते २ कोटी १० लाख डॉलर कुणाला मिळाले?

२०२५च्या फेब्रुवारीत हा प्रश्न आपल्याकडे वृत्तवाहिन्यांपासून व्हॉट्सअॅपच्या गटांपर्यंत सगळीकडे विचारला जात होता. अमेरिकेत इलॉन मस्क यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सरकारी कार्यक्षमता विभागाने रद्द केलेल्या परदेशी अनुदानांची एक यादी जाहीर केली. तिच्यात निवडणुका आणि राजकीय प्रक्रिया बळकट करणाऱ्या एका संस्थासमूहाच्या नावावर ४८ कोटी ६० लाख डॉलर दाखवले होते. त्यातले २ कोटी २० लाख मोल्डोव्हासाठी आणि २ कोटी १० लाख 'भारतातलं मतदान वाढवण्यासाठी'. लगेच आरोप सुरू झाले. प्रत्येक पक्षाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. हा पैसा नक्की कुणाच्या खात्यात आला, हे मात्र कुणी सांगू शकलं नाही.

सांगता आलं नाही, कारण तो भारतात आलाच नव्हता. 'इंडियन एक्स्प्रेस'ने कागदपत्रं तपासून छापलं की २ कोटी १० लाखांचं ते अनुदान २०२२ साली बांगलादेशासाठी मंजूर झालं होतं. तिथल्या विद्यार्थ्यांच्या राजकीय आणि नागरी सहभागासाठी ते होतं आणि त्यातले १ कोटी ३४ लाख डॉलर तोवर खर्चही झाले होते. पुढे परराष्ट्र मंत्रालयाने राज्यसभेत अमेरिकी दूतावासाचं म्हणणं मांडलं: २०१४ ते २०२४ या काळात भारतातल्या मतदानवाढीसाठी असा निधी 'यूसेड'ला मिळाला नाही आणि तिने तो कुणाला दिलाही नाही. यूसेड म्हणजे परदेशी मदत देणारी अमेरिकेची तेव्हाची सरकारी संस्था.

इतकी मोठी चूक इतक्या सहज खपली, याचं कारण या व्यवहाराची रचनाच बहुतेकांना ठाऊक नसते. एक सरकार आपल्या करदात्यांचा पैसा दुसऱ्या देशातल्या नागरी संस्थांना देतं, एवढं ऐकलं की दोन चित्रं डोळ्यांपुढे येतात. एकात नोटांनी भरलेली बॅग असते, दुसऱ्यात निव्वळ परोपकार. खरा व्यवहार या दोन्हींपेक्षा पुष्कळ रूक्ष आहे, आणि समजून घ्यावा असाही आहे.

२. अनुदान म्हणजे नेमकं काय?

एका सरकारचा पैसा दुसऱ्या देशात जाण्याचे मार्ग अनेक आहेत. पहिला, सरकारकडून थेट सरकारला: धरणासाठी कर्ज, लसींसाठी मदत. दुसरा, कंत्राट: देणारं सरकार ठरावीक काम ठरावीक किमतीला करून घेतं. तिसरा, अनुदान. यात सरकार उद्दिष्ट जाहीर करतं आणि संस्थांकडून प्रस्ताव मागवतं. काम कसं करायचं हे संस्था सुचवते. प्रस्ताव निवडला गेला तर करार होतो, आणि करारात देश, मुदत, काम, खर्चाचं अंदाजपत्रक हे सगळं लिहिलेलं असतं. बांगलादेशाच्या नावावरचं अनुदान भारतात खर्च करता येत नाही ते यामुळेच.

लोकशाही आणि मानवी हक्कांच्या नावाखाली कोणती कामं येतात? मतदारयादीतल्या चुका शोधणं, मतदान केंद्रांवर निरीक्षक नेमणं, निवडून आलेल्या महिलांना अंदाजपत्रक वाचायला शिकवणं, कोठडीत डांबलेल्यांना वकील मिळवून देणं, बेपत्ता झालेल्यांची नोंद ठेवणं, धमक्या आलेल्या पत्रकाराला काही महिने सुरक्षित जागी हलवणं. यातलं बरंचसं काम कंटाळवाणं असतं आणि कागदांतच चालतं. पण चिलीसारख्या देशात हुकूमशाही गेल्यानंतर हरवलेल्या माणसांचं काय झालं याचा शोध घेणाऱ्या आयोगाला आधार मिळाला तो याच कंटाळवाण्या नोंदींचा. कॅथलिक चर्चच्या छत्राखाली काम करणाऱ्या वकिलांनी त्या वर्षानुवर्षं जपून ठेवल्या होत्या.

पैशाचा प्रवास समजायला धरणाचा कालवा डोळ्यांपुढे आणावा. धरणातून सोडलेलं पाणी मुख्य कालव्यातून वितरिकेत, तिथून चारीत आणि चारीतून शेतात येतं. वाटेत काही झिरपतं, काही वरचेच घेतात. टेलच्या शेतकऱ्याला किती मिळालं हे धरणावरचा आकडा पाहून कळत नाही. इथे धरण म्हणजे सरकारी तिजोरी, मुख्य कालवा म्हणजे वॉशिंग्टन, लंडन किंवा ब्रुसेल्समधली मोठी संस्था, आणि टेलला असते जिल्ह्याच्या गावी दोन खोल्यांत चालणारी स्थानिक संस्था.

आकड्यांत पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका मोठ्या संस्थेला १० लाख डॉलरचं अनुदान मिळालं. तिचं कार्यालय, तज्ज्ञ, प्रवास, हिशेबनीस यांवर ४ लाख गेले. उरलेले ६ लाख १२ स्थानिक संस्थांत वाटले, म्हणजे प्रत्येकी ५० हजार. त्यातल्या एका संस्थेने दोन कार्यकर्त्यांच्या पगारावर १८ हजार, प्रत्येकी ५०० डॉलरच्या ४० शिबिरांवर २० हजार, भाडं आणि हिशेबावर ७ हजार, प्रवासावर ३ हजार आणि लेखापरीक्षणावर २ हजार खर्च केले. बातमीत मात्र 'परकीय पैसा १० लाख डॉलर' असंच येतं. प्रत्यक्ष शिबिरांत पोहोचले २० हजार, गुणिले १२, म्हणजे २ लाख ४० हजार. उरलेलं सगळं वाया गेलं असं नाही, कारण हिशेबनीस नसेल तर हिशेबही नसतो. पण मधल्या संस्थांचा वाटा फार मोठा असतो ही तक्रार या क्षेत्रातले लोक स्वतःच करतात, आणि मला ती रास्त वाटते.

पैसा एकदम मिळत नाही, हप्त्यांनी मिळतो. सहसा दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो: किती शिबिरं झाली, किती जण आले, त्यांत बायका किती. अहवाल अडला की हप्ता अडतो. काही करारांत तर संस्थेने आधी खर्च करायचा, पावत्या लावायच्या आणि मग पैसे परत मिळवायचे, अशी रीत असते. ही रीत लक्षात ठेवावी. शेवटच्या भागात ती फार महत्त्वाची ठरते.

३. एकच देश, दोन तऱ्हांचा पैसा

या विषयावर वाद घालण्याआधी चिलीची गोष्ट माहीत असायला हवी. अमेरिकेने तिथे राजकारणासाठी दोन तऱ्हांनी पैसा ओतला, आणि दोन्ही तऱ्हांमधला फरक हाच या विषयाचा गाभा आहे.

पहिल्या तऱ्हेचा पैसा आला तो गुप्तपणे. १९७० साली साल्वादोर अयेंदे हे समाजवादी नेते चिलीचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. तेव्हापासून सप्टेंबर १९७३च्या लष्करी उठावापर्यंत अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने, सीआयएने, चिलीत सुमारे ८० लाख डॉलर गुपचूप खर्च केले. 'एल मेर्कुरिओ' या विरोधी दैनिकालाच त्यातले सुमारे १५ लाख मिळाले. हे आकडे कुणा विरोधकाचे नाहीत. अमेरिकी सिनेटच्या समितीनेच सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी करून ते १९७५मध्ये जगापुढे मांडले. उठावात अयेंदे यांचं सरकार उलथलं आणि जनरल आउगुस्तो पिनोशे यांची राजवट सुरू झाली. तिने हजारो माणसं मारली किंवा नाहीशी केली.

दुसऱ्या तऱ्हेचा पैसा आला तो उघडपणे, आणि आता तो त्याच राजवटीच्या विरोधात होता. पिनोशे यांनी स्वतः लिहवून घेतलेल्या राज्यघटनेप्रमाणे १९८८मध्ये जनमत घ्यायचं होतं: त्यांना आणखी आठ वर्षं द्यायची की नाही? 'हो' किंवा 'नाही'. पंधरा वर्षं दडपलेल्या देशात विरोधकांपुढे दोन अडचणी होत्या. एक, लोकांची नावं मतदारयादीत नव्हती. यादी नव्यानेच उघडली होती, आणि नाव नोंदवलं तर सरकारच्या नजरेत येऊ अशी भीती होती. दुसरी, मतमोजणी सरकारच्या हातात. लोकांनी 'नाही' म्हटलं तरी 'हो' जाहीर झालं तर?

अमेरिकी काँग्रेसने चिलीतल्या लोकशाहीसाठी १० लाख डॉलर मंजूर केले. ते नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी, म्हणजे नेड, या संस्थेमार्फत गेले. यूसेडनेही मतदारनोंदणीच्या मोहिमेला वेगळी मदत केली. नोंदणी ७० लाखांच्या वर गेली. दुसऱ्या अडचणीवरचा उपाय होता समांतर मोजणी. प्रत्येक केंद्रावर मतं जागच्या जागी मोजली जातात आणि निकाल कागदावर लिहिला जातो. विरोधकांचा प्रतिनिधी तो आकडा टिपतो आणि आपल्या कार्यालयाला कळवतो. देशभर पसरलेल्या केंद्रांपैकी काही केंद्रं आधीच पद्धतशीर निवडून ठेवली, तर एकट्या त्यांच्या आकड्यांवरूनही एकूण कल काही तासांत अगदी जवळपास कळतो. त्यासाठी संगणक, फॅक्स, दूरध्वनी आणि मुख्यतः हजारो प्रशिक्षित माणसं लागतात. पैसा त्यांच्यासाठी लागला.

५ ऑक्टोबर १९८८ची रात्र. सरकारने सुरुवातीचे आकडे जाहीर केले, त्यांत 'हो' पुढे होतं. नंतर आकडे येणंच जवळपास थांबलं. विरोधकांच्या हाती मात्र त्यांची स्वतःची मोजणी होती आणि तिच्यात 'नाही' स्पष्ट पुढे होतं. मध्यरात्रीनंतर हवाई दलाचे प्रमुख फर्नांदो मातेई राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात शिरत होते. दारातच त्यांनी पत्रकारांना सांगून टाकलं की 'नाही' जिंकलं आहे. सत्ताधारी लष्करी मंडळातल्याच माणसाने जाहीर कबुली दिल्यावर निकाल फिरवणं अशक्य झालं. अंतिम आकडे होते सुमारे ५६ टक्के 'नाही' आणि ४४ टक्के 'हो'.

जिंकले ते चिलीचे लोक. सोळा पक्ष आपसातली भांडणं बाजूला ठेवून एकत्र आले, ज्यांची माणसं नाहीशी झाली होती ती कुटुंबं रस्त्यावर उतरली, आणि १० लाख डॉलरने यातलं काहीही विकत मिळत नाही. पण समांतर मोजणी उभी राहिली नसती तर ती रात्र कशी संपली असती याची खात्री कुणालाच देता येणार नाही. म्हणूनच उघड पैशाच्या बाजूने बोलताना मला चिली आधी आठवतं. आणि त्याच देशात १९७३ आहे हेही विसरता येत नाही.

४. गुप्त पैसा उघड कसा झाला?

अयेंदे निवडून येण्याआधीच धडा शिकवणारं एक प्रकरण घडलं होतं. १९६७मध्ये 'रॅम्पार्ट्स' या अमेरिकी मासिकाने उघड केलं की अमेरिकेतली राष्ट्रीय विद्यार्थी संघटना वर्षानुवर्षं सीआयएच्या पैशावर चालत होती. त्यापाठोपाठ आणखी कितीतरी संस्थांची नावं बाहेर आली. ज्या विद्यार्थ्यांनी प्रामाणिकपणे परदेशी परिषदांत भाषणं केली होती, त्यांच्या शब्दावरचा विश्वास एका रात्रीत गेला. गुप्त पैशाचं सर्वांत मोठं नुकसान हेच की घेणाऱ्याने खरंच चांगलं काम केलेलं असलं तरी ते मागाहून खोटं ठरतं.

पश्चिम जर्मनीने तोवर वेगळी वाट काढली होती. तिथल्या प्रत्येक मोठ्या पक्षाच्या जवळची एक प्रतिष्ठान-संस्था असते. समाजवादी लोकशाही पक्षाजवळची फ्रीडरिश एबर्ट, ख्रिस्ती लोकशाही पक्षाजवळची कोनराड आडेनाउअर. संसद त्यांना अंदाजपत्रकातून पैसा देते आणि त्या परदेशांत उघड कार्यालयं थाटून काम करतात.

८ जून १९८२ला अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ब्रिटिश संसदेपुढे भाषण करून अमेरिकेतही असं काही उभारण्याचं सूतोवाच केलं आणि १९८३मध्ये नेड स्थापन झाली. तिची घडण वेगळीच आहे. कागदोपत्री ती खासगी संस्था आहे, तिचं स्वतःचं संचालक मंडळ आहे, पण पैसा दरवर्षी काँग्रेस मंजूर करते. तिच्याखाली चार संस्था आहेत: दोन्ही मोठ्या पक्षांच्या जवळची एकेक, एक उद्योजकांची, एक कामगार संघटनांची. उरलेली रक्कम थेट परदेशी संस्थांना लहान लहान अनुदानांत जाते. २०२४ या आर्थिक वर्षात काँग्रेसने नेडला ३१ कोटी ५० लाख डॉलर दिले.

पुढे इतरांनीही असे निधी काढले: ब्रिटनने १९९२मध्ये वेस्टमिन्स्टर फाउंडेशन फॉर डेमॉक्रसी, युरोपीय देशांनी २०१३च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये युरोपियन एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी.

उघड असलं म्हणून सगळं निर्दोष होत नाही. १९९०च्या निकाराग्वातल्या निवडणुकीसाठी अमेरिकी काँग्रेसने ९० लाख डॉलर दिले आणि त्यातला मोठा हिस्सा एकाच आघाडीशी, व्हियोलेता चामोरो यांच्या विरोधी आघाडीशी, जोडलेल्या कामांकडे गेला. मतमोजणी खरी व्हावी म्हणून पैसा देणं आणि अमुक उमेदवार जिंकावा म्हणून देणं यांत माझ्या मते स्पष्ट रेघ आहे. निकाराग्वात ती ओलांडली गेली. चिलीतही अमेरिकी सल्लागार 'नाही'च्या बाजूला प्रचाराचं तंत्र शिकवत होते, म्हणजे तिथेही रेघेवर पाय पडलाच होता. पण एका बाजूच्या हाती लष्कर, पोलीस आणि दूरचित्रवाणी असताना दोन्हींना सारखं अंतर ठेवणं म्हणजे बलवानाला मदत करणं, हा युक्तिवादही मला पटतो.

५. घेणाऱ्या देशांना हे का खुपतं?

'आमच्या निवडणुकीत परक्याचा पैसा कशाला?' हा प्रश्न फक्त हुकूमशहा विचारत नाहीत. अमेरिका स्वतःच्या निवडणुकांत परकीयांच्या देणग्या चालू देत नाही, आणि परक्या सरकारसाठी काम करणाऱ्यांनी नोंदणी करावी असा तिचा कायदा १९३८पासून आहे. तेव्हा नोंदणी मागणं, हिशेब मागणं यात गैर काही नाही.

गैर सुरू होतं ते हिशेबाचं निमित्त करून संस्थाच संपवण्यापासून. रशियाने २०१२मध्ये परदेशी पैसा घेणाऱ्या, राजकीय काम करणाऱ्या संस्थांनी स्वतःला 'परकीय हस्तक' म्हणवून घ्यावं असा कायदा केला आणि त्याच वर्षी यूसेडला देशाबाहेर काढलं. २०१५मध्ये 'अनिष्ट संस्थां'ची यादी सुरू झाली, तिच्यातलं पहिलं नाव नेडचं होतं. स्टालिनच्या काळातल्या बळींच्या नोंदी जमवणारी 'मेमोरियल' ही संस्था २०२१च्या डिसेंबरात न्यायालयाच्या आदेशाने बंद करण्यात आली. पुढच्याच वर्षी तिला शांततेच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. इजिप्तमध्ये २०११च्या अखेरीस परदेशी आणि परदेशी मदतीवरच्या संस्थांवर छापे पडले आणि २०१३मध्ये ४३ कार्यकर्त्यांना शिक्षा झाल्या. पुनर्सुनावणीत ते सुटले, पण त्याला पुढची पाच वर्षं जावी लागली.

यातून देणाऱ्यापुढे एक अवघड पेच उभा राहतो. उघडपणा हाच अनुदानाचा प्राण. पण संस्थेचं नाव जाहीर केलं तर तिच्या माणसांना तुरुंग. म्हणून काही देशांच्या बाबतीत फक्त काम आणि रक्कम जाहीर होते, नाव नाही. आणि नाव लपवलं की १९६७चा संशय पुन्हा डोकं वर काढतो. याला पूर्ण समाधानकारक उत्तर मला कुठे दिसलेलं नाही. संसदेच्या समितीला आणि लेखापरीक्षकाला नाव ठाऊक असावं, जगाला नसलं तरी चालेल, ही त्यातल्या त्यात बरी वाट.

भारत या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना उभा आहे, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. २००५मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी सुरू झाला. तेव्हा कोफी अन्नान आणि जॉर्ज बुश यांच्याबरोबर मनमोहन सिंग व्यासपीठावर होते, आणि अमेरिकेप्रमाणे भारतानेही १ कोटी डॉलर देऊ केले. हा निधी मुख्यतः वेगवेगळ्या देशांतल्या नागरी संस्थांनाच अनुदान देतो. म्हणजे भारतीय करदात्याचा पैसाही परक्या देशांतल्या लोकशाहीच्या कामाला गेला आहे, आणि तो गेला याचा मला अभिमान वाटतो.

घरी मात्र कायदा कडक होत गेला. परकीय देणग्यांचा कायदा पहिल्यांदा आणीबाणीत, १९७६ साली झाला. २०१०मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. उमेदवार, राजकीय पक्ष, सरकारी नोकर, वर्तमानपत्रांचे संपादक यांनी परकीय देणगी घेऊ नये, हे त्यात आहे आणि ते योग्यच आहे. २०२०च्या दुरुस्तीने तीन गोष्टी बदलल्या. देशभरातल्या प्रत्येक संस्थेची परकीय देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि एका संस्थेने मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेला देणं पूर्ण बंद झालं. म्हणजे चारीचं तोंडच बुजवलं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेला आता गडचिरोली किंवा नंदुरबारमधल्या छोट्या संस्थेकडे तो पैसा वळवता येत नाही. छोटीने स्वतःची नोंदणी करावी म्हटलं, तर तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या तीन वर्षांत मिळून १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. कुपोषणाच्या कामापासून वनहक्काच्या दाव्यांपर्यंत सगळ्यांनाच हा नियम लागू आहे, आणि माझ्या दृष्टीने तो अनाठायी आहे.

६. धरणाचा दरवाजाच बंद झाला तर?

घेणारं सरकार वाट अडवतं तसं देणारं सरकारही हात आखडतं. २० जानेवारी २०२५ला, शपथविधीच्याच दिवशी, डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी मदत ९० दिवस थांबवण्याचा आदेश काढला. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी यूसेडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि १ जुलैला ती संस्थाच उरली नाही. नेडचा पैसा काँग्रेसने मंजूर केलेला असूनही सरकारी तिजोरीतून सुटेना, तेव्हा तिने मार्चमध्ये न्यायालय गाठलं. ऑगस्टमध्ये संघराज्य न्यायाधीशांनी तिच्या बाजूने अंतरिम आदेश दिला.

आधी खर्च करा, मग पैसे मिळवा, ही रीत जिथे होती तिथे सर्वांत मोठा फटका बसला. काम झालं होतं, पगार दिले गेले होते, पावत्या पाठवल्या होत्या, आणि पलीकडे उत्तर द्यायला कुणी नव्हतं. अशा झालेल्या कामाचे सुमारे २ अब्ज डॉलर सरकारने चुकते करावेत, या खालच्या न्यायालयाच्या आदेशात ५ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हस्तक्षेप नाकारला.

हा निकाल मिळवला तो सरकारशी थेट करार असलेल्या संस्थांनी. टेलच्या संस्थेचा करार मधल्या संस्थेशी असतो, अमेरिकी सरकारशी नाही. त्यामुळे तिला या न्यायालयात स्वतःहून उभं राहणं फार कठीण. मधली संस्था टिकली, तिला पैसे मिळाले आणि तिने ते पुढे पाठवले, तरच हिचे दोन पगार निघतात. तोवर भाड्याच्या दोन खोल्या सोडाव्या लागल्या, तर बेपत्ता माणसांच्या नोंदींच्या फायली कुणाच्या घरी ठेवायच्या, हे तिला स्वतःच ठरवावं लागतं.